कोकणच्या नुकसानीचे देणेकरी

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर धडकले आणि मुरूडपासून दापोलीपर्यंतच्या नारळ-पोफळीच्या वाड्या एका दुपारीत आडव्या झाल्या. तेव्हा फळबागेसाठी सरकारी मदतीचा दर हेक्टरी १८ हजार रुपये होता. ओरड झाली, मग राज्य सरकारने तो ५० हजारांवर नेला. घाटावरच्या माणसाला हा आकडा ठीक वाटेल. कोकणात मात्र वाडीचा हिशेब गुंठ्यांत चालतो. हेक्टरी ५० हजार म्हणजे गुंठ्याला ५०० रुपये. पोफळी साधारण पावणेतीन मीटरवर लावतात, म्हणजे गुंठ्यात तेरा-चौदा झाडे बसतात. एका फळत्या पोफळीमागे पडले ३६-३७ रुपये. पडलेले झाड तोडून, ओढून वाडीबाहेर काढायची मजुरीही त्यात सुटत नाही. नवे रोप लावले तर सुपारी धरायला सहा-सात वर्षे जातात, आणि तोवर पोफळीच्या सावलीत वाढवलेली जायफळे आणि मिरीचे वेल उन्हाने करपून गेलेले असतात.

हे ३७ रुपये तरी कोणी दिले? आपत्ती निधीत तीन वाटे केंद्राचे आणि एक वाटा राज्याचा. वर सरकारने काही घातले तर तेही तिजोरीतूनच. म्हणजे नांदेडच्या शेतकऱ्याने खत घेताना, नागपूरच्या कारकुनाने साबण घेताना आणि श्रीवर्धनच्या त्याच बागायतदाराने मोटारसायकलीत पेट्रोल भरताना दिलेला कर. ज्यांनी दीडशे वर्षे कोळसा, तेल आणि वायू जमिनीतून उपसून विकला आणि त्यातून अफाट नफा कमावला, त्यांचा एक रुपयाही त्यात नाही. त्यांचे नावही कुठल्या कागदावर येत नाही.

माझे म्हणणे सरळ आहे. कोकणचे हे नुकसान कुणाचे तरी देणे आहे, आणि ते वसूल करण्यासाठी लागणारी कायद्याची तत्त्वे बरीचशी तयार आहेत. आपण कमी पडतो आहोत ते पुराव्यात. आणि पुरावा गोळा करणे हे ज्या सरकारचे काम, त्या सरकारलाही काही प्रकरणांत प्रतिवादी व्हावे लागणार असल्याने ते काम लोकांनी स्वतःच्या हाती घेतल्याशिवाय होणार नाही.

आधी कारणाबद्दल. चक्रीवादळ म्हटले की ओडिशा, आंध्र, बंगाल अशी आपली जुनी समजूत होती. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९८२ ते २०१९ या काळातल्या नोंदी तपासल्या. अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या या काळाच्या उत्तरार्धात पूर्वार्धापेक्षा ५२ टक्क्यांनी वाढलेली निघाली, त्यांचा एकूण काळ ८० टक्क्यांनी वाढलेला निघाला. बंगालच्या उपसागरात संख्या उलट थोडी घटली होती. कारण समुद्राच्या पाण्याची उष्णता. २००९ मध्ये ‘फयान’, २०१९ च्या दिवाळीत ‘क्यार’ आणि पाठोपाठ ‘महा’, २०२० मध्ये ‘निसर्ग’, २०२१ च्या मे महिन्यात ‘तौक्ते’. किनाऱ्यावरच्या माणसाला ही नावे आता घरातल्या वर्षश्राद्धांसारखी पाठ आहेत. ‘क्यार’ आणि ‘महा’ इथे जमिनीवर आलीच नाहीत, तरी होड्या बंदरात बांधून ठेवाव्या लागल्या. ऑगस्ट ते डिसेंबर हा मासेमारीचा भर. त्यातले बुडालेले दिवस कुठल्याच मदतीच्या निकषात बसत नाहीत.

एखादे विशिष्ट वादळ हवामान बदलामुळेच आले असे कोणी म्हणू शकत नाही, हा आक्षेप नेहमी येतो. तो बरोबर आहे आणि तरीही निरुपयोगी आहे. विज्ञान आता वेगळा प्रश्न विचारते: तापलेल्या हवेमुळे ही घटना किती तीव्र झाली, किती अधिक संभवनीय झाली? ३० जुलै २०२४ रोजी वायनाडमध्ये दरडी कोसळल्या, तेव्हा काही आठवड्यांतच शास्त्रज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने सांगितले की त्या दिवशीचा पाऊस हवामान बदलामुळे सुमारे १० टक्के जास्त झाला. वायनाड ज्या सह्याद्रीत आहे, त्याच सह्याद्रीच्या पायथ्याशी महाड आणि खालापूर आहे. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने त्याही पुढे जाऊन कंपनीनिहाय हिशेब मांडला: १९९१ ते २०२० या काळात फक्त तीव्र उष्णतेमुळे जगाचे जे आर्थिक नुकसान झाले, त्यातले २८ लाख कोटी डॉलर १११ बड्या इंधन व सिमेंट कंपन्यांच्या उत्सर्जनाकडे जातात. दहा वर्षांपूर्वी असा हिशेब मांडण्याची साधने नव्हती.

आता कायदा. १९८५ च्या डिसेंबरात दिल्लीत श्रीराम कारखान्यातून ओलियम वायू गळला. त्या खटल्यात पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने जे तत्त्व घालून दिले, ते जगात त्या वेळी कुठेच इतक्या स्पष्टपणे कोणी सांगितले नव्हते. धोकादायक उद्योग करणाऱ्याने त्यातून झालेल्या हानीची भरपाई केलीच पाहिजे. काळजी घेतली होती, ही दैवी आपत्ती होती, दुसऱ्या कुणी केले, यातली कोणतीही सबब चालणार नाही. आणि उद्योग जितका मोठा, तितकी भरपाई मोठी. पुढे २०१० च्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण कायद्यात दोष सिद्ध न करताही भरपाईचा आदेश देण्याची तरतूद आली आणि प्रदूषण करणाऱ्यानेच पैसे मोजावेत हे तत्त्व कलमात लिहिले गेले. म्हणजे पाया आपल्याच देशात, आपल्याच न्यायालयाने घातलेला आहे. मार्च २०२४ मध्ये माळढोक पक्ष्याच्या प्रकरणात निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क राज्यघटनेच्या १४ आणि २१ या कलमांत आहे, असेही सांगितले. हक्क आहे म्हटल्यावर तो मोडणाऱ्याचा शोध घेणे ओघानेच आले.

या तत्त्वाचा वापर कोकण किनाऱ्यावर झालेलाही आहे, आणि त्याची जितकी चर्चा व्हायला हवी होती तितकी झाली नाही म्हणून इथे जरा थांबतो. उरण परिसरातले पारंपरिक कोळी जेएनपीटी, सिडको आणि ओएनजीसी यांच्याविरुद्ध हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठापुढे गेले. भराव घातले गेले, कांदळवन तुटले, खाडीतल्या भरती-ओहोटीची वाट अडली, माशांची पैदास होण्याच्या जागा गेल्या, असे त्यांचे म्हणणे. तिन्ही संस्था सरकारी. प्रत्येकीचे काम वेगळे, वेगळ्या काळातले. कोणत्या भरावामुळे कोणती बोई किंवा कोलंबी नाहीशी झाली हे कोणालाही सांगता येणार नव्हते. तरी फेब्रुवारी २०१५ मध्ये न्यायाधिकरणाने १,६३० कुटुंबांना मिळून ९५ कोटी १९ लाख रुपये द्यायला सांगितले आणि तो बोजा तिघांमध्ये टक्केवारीने विभागला. कुटुंबाला ५ लाख ८४ हजार. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. पण तत्त्व पाहा: हानी अनेकांनी मिळून केली, प्रत्येकाचा वाटा अंदाजाने ठरवता येतो, आणि उपजीविका बुडणे हे मोजण्याजोगे नुकसान आहे. जागतिक उत्सर्जनाचा प्रश्न याच साच्याचा आहे, फक्त पसारा मोठा. याच्याशेजारी आपत्ती निधीचे २०२२ ते २०२६ चे निकष ठेवा: होडी पूर्ण मोडली तर १५ हजार, जाळे पूर्ण गेले तर ४ हजार. किनारा तोच, कोळी तेच. एकीकडे त्यांचे नुकसान कोणीतरी केले असे मानून हिशेब झाला, दुसरीकडे ते आपोआप झाले असे मानून.

मे २०२५ मध्ये जर्मनीतल्या हाम येथील न्यायालयाने दिलेला निकाल तर प्रत्येक कोकणी वकिलाने मुळातून वाचावा. पेरूमधल्या वाराझ शहराचा शेतकरी आणि वाटाड्या साऊल लुसियानो यूया याने २०१५ मध्ये आरडब्ल्यूई या जर्मन वीज कंपनीवर दावा लावला होता. शहराच्या वर अँडीज पर्वतात हिमनदी वितळून एक सरोवर फुगत चालले आहे. ते फुटले तर खालचे घर वाहून जाईल. या कंपनीचा पेरूमध्ये एकही प्रकल्प नाही. दाव्यात म्हटले होते की औद्योगिक काळातल्या जगाच्या उत्सर्जनात कंपनीचा वाटा ०.४७ टक्के आहे, तर सरोवराच्या बंदोबस्ताच्या खर्चाचा तेवढाच वाटा तिने द्यावा. रक्कम जेमतेम १७ हजार युरो. दहा वर्षे खटला चालला. न्यायाधीश आणि तज्ज्ञ स्वतः पेरूला जाऊन सरोवर आणि घर पाहून आले. शेवटी यूया हरला. न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञांच्या मते पुराचे पाणी पुढच्या तीस वर्षांत त्याच्या घरापर्यंत पोचण्याची शक्यता एक टक्क्याच्या आसपास होती आणि तेवढी पुरेशी नव्हती. पण त्याच निकालात न्यायालयाने म्हटले की मोठे उत्सर्जन करणारी कंपनी हजारो कोसांवरच्या घराच्या हानीला दिवाणी कायद्याखाली जबाबदार ठरू शकते, अंतर हा बचाव नाही.

तो हरला तो घराच्या पुराव्यावर. तत्त्वावर हरला नाही.

यातला धडा आमच्यासाठी फार मोलाचा आहे, कारण आमच्याकडे हानी होण्याची शक्यता सिद्ध करायची नाही, ती होऊन गेली आहे. सिद्ध करायचे आहे ते तिचे मोजमाप. आणि मोजमाप म्हणजे आपल्याकडे पंचनामा.

वादळानंतरचा वाडीतला पंचनामा ज्यांनी पाहिला आहे त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक येतात. तिघांवर मिळून चार-पाच गावे सोपवलेली, वीज नाही, रस्त्यावर झाडे. मालकाने घरात शिरायला वाट हवी म्हणून निम्मी झाडे आधीच तोडून बाजूला ओढलेली; ती मोजायची की नाही यावर पहिला वाद. मग पडलेली किती, उभी किती. पण पोफळीला आणि माडाला शेंड्यात एकच कोंब असतो. वाऱ्याने शेंडा पिळवटला की झाड पावसाळाभर उभे दिसते आणि नंतर मरते. पंचनाम्यात ते जिवंत असते. झाडाचे वय, मागच्या पाच वर्षांतले उत्पन्न, खालचे आंतरपीक, विहिरीत शिरलेले खारे पाणी, यांना रकाना नाही. त्यातून सातबारा सामाईक. आजोबांच्या नावाखाली वीस-पंचवीस वारस, त्यातले निम्मे मुंबईत, दोघे-तिघे बडोद्याला. ‘निसर्ग’च्या वेळी तर टाळेबंदी होती, संमतीपत्रावर सह्या आणायच्या कुठून? जो माणूस वाडी शिंपतो, राखतो, त्याच्या हाती पैसे पडायला त्यामुळे महिनोन् महिने लागतात किंवा ते पडतच नाहीत.

असा कागद घेऊन कोणत्या न्यायालयात जाणार? तो मदतवाटपासाठी बनवलेला आहे आणि मदतवाटपात सरकारला हवा असतो तो कमीत कमी आकडा. दाव्यासाठी लागणारी नोंद वेगळी असते. पुराच्या पाण्याची पातळी किती वाजता कुठे होती, त्या वेळी उधाणाची भरती होती की भांगाची, जवळच्या पर्जन्यमापकात तासातासाला किती पाऊस नोंदला गेला, बंदरावरच्या भरतीमापकाची गेल्या कित्येक वर्षांची नोंद काय सांगते, वाडीचे दहा वर्षांचे उत्पन्न सोसायटीच्या खरेदीच्या पावत्यांवरून किती येते. यातले बरेच आज उपलब्ध आहे, पण ते हवामान खाते, जलसंपदा, कृषी विद्यापीठ, मत्स्य खाते आणि खरेदी-विक्री संघ अशा पाच कपाटांत पडून आहे. प्रत्येक किनारी ग्रामपंचायतीने आणि मच्छीमार सोसायटीने नुकसानीची स्वतःची नोंदवही ठेवावी, दापोलीच्या कृषी विद्यापीठाने तिचा नमुना ठरवून द्यावा आणि तिला कायद्याने पुराव्याचा दर्जा मिळावा, ही माझी पहिली मागणी आहे. हे कागदी काम वाटेल. सगळा मामला यावरच अडणार आहे.

आता माझ्या बाजूच्या लोकांना न आवडणारी गोष्ट. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडाले. त्याच दिवशी महाड तालुक्यात तळियेवर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. पाऊस भयंकर होता यात शंका नाही. पण चिपळूणच्या वाशिष्ठी नदीत वर्षानुवर्षे गाळ साचत होता हेही खरे. कृष्णा खोऱ्यातले साडेसदुसष्ट अब्ज घनफूट पाणी दर वर्षी कोयना प्रकल्पातून वीज करून याच वाशिष्ठीत सोडले जाते, हेही खरे. पुराच्या वेळी ते किती आणि कधी सोडले यावर चिपळूणकरांनी मोठा वाद घातला आणि तो घालण्याचा त्यांना पूर्ण हक्क होता. चौपदरी महामार्गासाठी परशुराम घाटात डोंगर उभे कापले गेले. पश्चिम घाटाबद्दल माधव गाडगीळ समितीने २०११ मध्ये दिलेला अहवाल राज्यांनी स्वीकारला नाही. पेण-अलिबागच्या खारेपाटात उधाणाने बांधाला खांड पडते, ती वेळेत बुजवली जात नाही, आणि पुढची दोन-तीन भाताची पिके जातात. समुद्राची पातळी वाढते आहे म्हणून खांड पडली, की दुरुस्तीचा पैसा वेळेवर आला नाही म्हणून?

दोन्हींमुळे. आणि मला भीती वाटते ती हीच, की ‘हवामान बदल’ हे शब्द आता मंत्रालयातही सोयीचे झाले आहेत. पूर्वी दरड पडली की दैवाकडे बोट दाखवले जायचे, आता वातावरणातल्या कार्बनकडे दाखवले जाते. खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी जुलै २०२३ मधल्या एका रात्री दरडीखाली गाडली गेली, तेव्हाही चर्चा पावसाच्या आकड्यांभोवती फिरली. डोंगरउतारावरच्या वाड्यांचे वेळेत पुनर्वसन का झाले नाही हा प्रश्न मागे पडला. परक्या तेल कंपनीकडे बोट दाखवताना आपल्या पाटबंधारे खात्याला मोकळे सोडायचे असेल तर मला या दाव्यांत रस नाही. एकाचा दोष दुसऱ्याच्या दोषाने पुसला जात नाही. उरणच्या निकालाने हेच केले होते: प्रत्येकाच्या वाट्याला त्याची टक्केवारी. चिपळूणच्या महापुराचा हिशेबही तसाच व्हावा. इतका भाग तापलेल्या हवेचा, इतका गाळाचा, इतका पाणी सोडण्याच्या वेळापत्रकाचा. शास्त्रज्ञ हे करू शकतात, फक्त त्यांना कोणीतरी अधिकृतपणे विचारले पाहिजे.

दुसरा आक्षेप असा की आपणही कोळसा जाळतो, मग कोणत्या तोंडाने मागायचे? अमेरिकेने इतिहासात हवेत सोडलेला कार्बन डायऑक्साइड जगाच्या एकूण बेरजेच्या सुमारे एक चतुर्थांश आहे. भारताचा, इतकी लोकसंख्या असून, चार टक्क्यांच्या आसपास. तेव्हा तोंड आहेच. पण ‘भारत’ आणि ‘दाभोळचा दालदी’ हे एक नव्हेत. कोल इंडिया ही आपली सरकारी कंपनी जगातल्या मोठ्या उत्सर्जकांच्या यादीत आहे. दालदी मच्छीमाराच्या जाळ्याचे नुकसान करण्यात तिचाही वाटा आहे आणि तो मान्य करायला मला काही अवघड वाटत नाही.

दिल्लीला मात्र अवघड वाटते. २०१५ चा पॅरिस करार झाला तेव्हा श्रीमंत देशांनी त्याच्या निर्णयात एक वाक्य घालून घेतले की हानी-नुकसानीबद्दलच्या कलमामुळे कोणावरही कायदेशीर दायित्व किंवा भरपाईची जबाबदारी येणार नाही. वानुआटू या प्रशांत महासागरातल्या छोट्या बेटदेशाने हे मानले नाही. तिथल्या परिसरातल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनी २०१९ मध्ये सुरू केलेली मागणी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेतून हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात पोचली. २३ जुलै २०२५ रोजी न्यायालयाने एकमताने सांगितले की हवामानाचे रक्षण हे राष्ट्रांचे बंधन आहे, ते मोडले तर पूर्ण भरपाईची जबाबदारीही येऊ शकते; मात्र कृती आणि हानी यांच्यातला कार्यकारणसंबंध पुरेसा थेट आणि निश्चित दाखवावा लागेल. पुन्हा तेच, पुरावा. या सुनावणीत भारताची भूमिका काय होती? असलेल्या करारांपलीकडे नवी बंधने घालू नयेत. वाढत्या अर्थव्यवस्थेच्या प्रतिनिधीने असे म्हणावे हे समजू शकते. पण ७२० किलोमीटरचा किनारा असलेल्या महाराष्ट्राने त्याला मान डोलावण्याचे कारण नाही. देवबागच्या माणसाचे हित या बाबतीत वानुआटूच्या माणसाशी जुळते. एका बाजूला कर्लीची खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र, आणि मधली वाळूची पट्टी दर पावसाळ्यात थोडी थोडी जाते आहे. महाराष्ट्र विधिमंडळाने आपल्या किनाऱ्याची भूमिका ठरावाने मांडून ती केंद्राला कळवावी, एवढे तरी व्हायला हवे.

(इथे एक आठवण द्यायला हवी. नाणारच्या रिफायनरीत २०१८ मध्ये ज्या परदेशी कंपन्या भागीदार म्हणून आल्या त्यांत सौदी अराम्को होती. ऐतिहासिक उत्सर्जनाच्या कोणत्याही यादीत हे नाव वरच्या काही नावांत असते. त्या वर्षांत कोकणात जमीन, आंबा आणि रोजगार यांवर रान उठले, ते योग्यच होते. पण या कंपनीकडे आपले आधीचे काही येणे आहे का, हे आमच्यापैकी कोणीही विचारले नाही.)

मग पैसे प्रत्यक्षात कसे वसूल करायचे? एकेका बागायतदाराने एकेका कंपनीला जर्मनीत किंवा टेक्सासमध्ये गाठणे शक्य नाही. त्यासाठी निधी हवा आणि त्याचा नमुना समुद्रातच आहे. तेलवाहू जहाजातून तेल सांडले तर आंतरराष्ट्रीय तेल प्रदूषण भरपाई निधीतून किनाऱ्यावरच्या माणसाला भरपाई मिळू शकते. हा निधी भरतात त्या वर्षाला दीड लाख टनांहून जास्त तेल समुद्रमार्गे मागवणाऱ्या कंपन्या, टनावारी प्रमाणात. जहाज कोणाचे, चूक कोणाची, याने त्यांची वर्गणी टळत नाही. तेलाच्या धंद्यात आहात ना, मग भरा. भारत या व्यवस्थेचा सदस्य आहे आणि आपल्या तेल कंपन्या त्यात पैसे भरतात. म्हणजे सांडलेल्या टनाची जबाबदारी तेल उद्योगाने कधीच मान्य केली आहे. जाळलेल्या टनाची मान्य केलेली नाही, आणि हानी तर जाळलेल्याने कितीतरी जास्त होते.

कोळशाच्या बाबतीत आपण याहून जवळ आलो होतो. २०१० मध्ये केंद्राने कोळशावर टनामागे ५० रुपये उपकर लावला, २०१६ पर्यंत तो ४०० रुपये झाला. स्वच्छ ऊर्जेसाठी म्हणून गोळा केलेला हा पैसा २०१७ नंतर जीएसटीमुळे राज्यांची जी महसुली तूट येत होती ती भरायला गेला, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये उपकरच गेला, त्या जागी कोळशावरचा जीएसटी वाढला. टनामागे ४०० रुपये हा देश मोजू शकतो हे सिद्ध झाले आहे. त्यातले १०० रुपये, फक्त १००, हवामान हानी निधीत जावेत आणि त्यातून भरपाई मिळण्याचा कायदेशीर हक्क नुकसानग्रस्ताला असावा. अमेरिकेत व्हरमाँटने २०२४ मध्ये आणि पाठोपाठ न्यूयॉर्कने याच विचाराचे कायदे केले. तिथे जुन्या उत्सर्जनाच्या प्रमाणात तेल कंपन्यांकडून पैसे घ्यायचे ठरले. कंपन्या त्यांच्याविरुद्ध न्यायालयात गेल्या आहेत. जाणारच. कोळशावरचा आकार शेवटी विजेच्या बिलातून आपल्याच खिशातून जाईल हे खरे, पण मग जास्त वीज वापरणारा जास्त देईल आणि पैसा कशासाठी आहे हे कागदावर लिहिलेले असेल.

एक अट मात्र मी सोडणार नाही. भोपाळनंतर १९८५ च्या कायद्याने पीडितांच्या वतीने दावा लावण्याचा एकमेव अधिकार केंद्र सरकारने स्वतःकडे घेतला आणि १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड केली. पीडितांना कोणी विचारले नाही. कोकणच्या दाव्यांत राज्याने जरूर उतरावे, पण मच्छीमार सोसायट्या, बागायतदारांचे संघ आणि ग्रामपंचायती यांचा स्वतंत्र हक्क कायम राहिला पाहिजे. तडजोडीवर त्यांच्या सह्या हव्यात.

आणि वाट पाहण्याला मुदत आहे. हरित न्यायाधिकरणाकडे भरपाईचा अर्ज कारण घडल्यापासून पाच वर्षांत करावा लागतो, वर फार तर साठ दिवस वाढवून मिळतात. हवामान बदलाच्या हानीवर तिथे दावा टिकेल का हे अजून ठरलेले नाही. २०१७ मध्ये उत्तराखंडच्या नऊ वर्षांच्या रिधिमा पांडेने सरकारविरुद्ध केलेला अर्ज न्यायाधिकरणाने २०१९ मध्ये फेटाळला होता. पण तिने सरकारच्या धोरणावर बोट ठेवले होते. ठरावीक गावातल्या, ठरावीक दिवशीच्या, मोजलेल्या नुकसानीचा दावा अजून कोणी नेलेला नाही. ‘निसर्ग’साठी ही मुदत जून २०२५ मध्ये संपली. चिपळूण आणि महाडच्या महापुरासाठी ती २२ जुलै २०२६ ची आहे. चिपळूणच्या व्यापाऱ्यांकडे मालाची बिले, विमा कंपन्यांशी झालेला पत्रव्यवहार, पाणी चढतानाची वेळेसकट छायाचित्रे आहेत. कोकणात आजवर कोणत्याही आपत्तीचे इतके कागद एका गावात जमलेले नाहीत. त्यांनी ते एकत्र करून पुण्याच्या खंडपीठात न्यावेत आणि प्रतिवादींच्या यादीत जलसंपदा खात्याबरोबर कोळसा आणि तेल कंपन्यांचीही नावे घालावीत.